पेटीची प्रतिष्ठा



माणसामाणसांतील उच्चनीचतेविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे आणि पुष्कळ भोगलेही आहे. वाद्यावाद्यांतही अशीच उच्चनीचता असते, ह्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. वीणा सरस्वतीच्या मांडीवर. म्हणून ती थोर. सनईला मान मोठा, पण तिची जागा देवळाच्या नगारखान्यात. गाभाऱ्यात तिला कोणी बोलावीत नाही. सारंगी गळ्याच्या सर्वांत जवळची, परंतु ती कोठीवर वाजते म्हणून घरंदाज माणसांनी तिच्याकडे कित्येक वर्षे पाठ फिरविली. हलगी आणि डफ तर गावकुसाबाहेर जन्मलेले. त्यांच्यावाचून मिरवणूक निघत नाही आणि मिरवणूक संपल्यावर त्यांना ओसरीवर जागा नाही. लाकूड, चामडे, तार आणि पितळ ह्यांना स्वतःची जात नसते. ती त्यांना माणसांनी दिलेली असते.

ह्या पंक्तीत आपल्या पेटीचे पान कोठे मांडलेले आहे, हे आज पाहावयाचे आहे. मी संगीतातला पंडित नव्हे. माझे आयुष्य संघटनेच्या कामात, हमाल, जिनिंगमधील कामगार आणि विडी वळणाऱ्या बाया ह्यांच्यात गेले. जे वाचले ते रात्री वाचले आणि जे ऐकले ते बहुधा मंडपाच्या मागच्या बाजूला उभे राहून ऐकले. परंतु कोणाचे काम हलके आणि कोणाचे भारी हे कोण ठरवितो, हा प्रश्न आमच्या चळवळीचा रोजचा आहे. तोच प्रश्न मला पेटीच्या इतिहासात सापडला, म्हणून हा विषय घेतला. ह्या इतिहासाचा नायक कोल्हापूरचा आहे, गोविंद सदाशिव टेंबे. आणि त्याच्या शेजारी उभा करण्यासाठी मी दूर स्पेन देशातील एक गिटारवादक आणणार आहे. दोघे एकमेकांस कधी भेटले नाहीत. पण दोघांपुढची अडचण एकच होती.

पेटी परदेशी आहे, हे मान्यच केले पाहिजे. 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबें नावाच्या कारागिराने ती सिद्ध केली. पायाने भाता हलवावयाचा आणि दोन्ही हातांनी पट्ट्या दाबावयाच्या, अशी ती पायपेटी होती. छोट्या प्रार्थनामंदिरांना मोठा ऑर्गन परवडत नसे. त्यांची सोय ह्या वाद्याने केली. म्हणजे जन्मापासूनच ती गरिबाघरची. पाद्री आणि साहेब लोक ह्यांच्याबरोबर ती हिंदुस्थानात आली. पुढे कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत तिचे रूप बदलले. आपण जमिनीवर मांडी घालून बसणारे लोक. म्हणून भाता मागे घेऊन तो हाताने हलेल असा केला, पाय काढून टाकले आणि पेटी एका माणसाला उचलून नेता येईल एवढी केली. आता डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर. दोन्ही हातांनी सुरांचे थर रचण्याची पाश्चात्त्य रीत त्यामुळे आपोआप मागे पडली आणि एका वेळी एक सूर चालविण्याची आपली रीत तिला साधली. पुढे सौराष्ट्रातील पालिताण्याला पितळी सूर तयार होऊ लागले आणि गावोगावच्या सुतार-कारागिरांनी पेटी बांधण्याची विद्या हस्तगत केली. परदेशातून आलेले वाद्य एका पिढीत इथल्या हातांनी इथले केले, ही गोष्ट लहान नव्हे.

पेटीच्या पोटात काय आहे, हेही थोडक्यात सांगतो. कारण पुढचा सगळा तंटा त्यातूनच निघाला. प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक पातळ जीभ असते. भात्यातील वारा तिच्या फटीतून गेला की ती थरथरते आणि सूर उमटतो. जिभेचे टोक किंचित घासले तर सूर चढतो, मूळ घासले तर उतरतो. खर्ज, नर, मादी असे सुरांचे संच आणि ते उघडण्या-मिटण्यासाठी खटके. सूर मिळविणारा कारागीर कानाने काम करतो. त्याचा कानस एकदा जास्त फिरला की तो सूर वाया गेला. परंतु एकदा मिळविलेला सूर मग जागचा हलत नाही. गवई गळ्याने दोन सुरांमधील वाट चालून जातो, ज्याला आपण मींड म्हणतो. पेटीला ती वाट नाही, तिला फक्त पायऱ्या आहेत.

आणखी एक अडचण आहे. सप्तकातील बारा पायऱ्या पेटीत अगदी सारख्या उंचीच्या असतात. एका सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग कल्पिले, तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार सुमारे 386 व्या भागावर येतो आणि पेटीचा गंधार 400 व्या भागावर. चौदा भागांचा हा फरक सामान्य श्रोत्याला जाणवत नाही, पण तयार कानाच्या गवयाला तो खड्यासारखा लागतो. पंचमाचा फरक मात्र अवघा दोन भागांचा. तेव्हा पेटीवरील आक्षेप हा सगळा अहंकाराचा होता असे मी म्हणणार नाही. त्यात तथ्य होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी तर हयातभर श्रुतींचे गणित मांडले. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने बावीस श्रुतींची पेटी बनविण्याचा खटाटोप झाला. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या सुरेल गवयाने त्यांना साथ दिली. 1916 साली बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हा प्रयोग विद्वानांपुढे आला, परंतु त्याला मान्यता मिळाली नाही. शास्त्राच्या वाटेने पेटीला प्रतिष्ठा मिळाली नाही. ती दुसऱ्या वाटेने यावयाची होती.

गोविंदराव टेंबे 5 जून 1881 रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे येथे जन्मले. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांचे कोल्हापूर. अल्लादियाखाँसाहेब त्या दरबारी होते. तालमीत कुस्ती, थिएटरात नाटक आणि देवळात गाणे, अशी त्या गावाची हवा. गोविंदरावांनी पेटी हाती घेतली आणि भास्करबुवा बखल्यांना गुरुस्थानी मानले. बुवांच्या मैफलीत ते साथीला बसत. साथीदाराचे काम कसले असते, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. गवयाने सोडलेली जागा भरून काढावयाची, पण त्याच्यापुढे जावयाचे नाही. तो कोठे वळणार हे त्याच्या आधी ओळखावयाचे, पण ओळखले आहे हे दाखवावयाचे नाही. ह्या कामात माणसाचा कान असा तयार होतो की एका गवयाची सगळी गायकी त्याच्या बोटांत येऊन बसते. गोविंदरावांच्या बोटांत ती बसली. आणि मग त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी पेटी एकटीच मैफलीत वाजवून दाखविली. मागे बसणारे वाद्य पुढे आले. श्रोते गाणे ऐकावे तशी पेटी ऐकू लागले. महाराष्ट्रात स्वतंत्र पेटीवादनाला जी मान्यता मिळाली, तिच्या आरंभी गोविंदरावांचे नाव घ्यावे लागते.

परंतु नुसत्या वादनाने वाद्याची प्रतिष्ठा टिकत नाही. वाद्याला स्वतःचे असे नवे संगीत लागते, आपल्या काळाचे संगीत लागते. ह्या ठिकाणी मला स्पेनकडे वळणे भाग आहे.

स्पेनमध्ये गिटार घरोघर होती. न्हाव्याच्या दुकानात होती, दारूच्या गुत्त्यात होती, जिप्सींच्या नाचात होती. आणि म्हणूनच मोठ्या संगीतगृहात नव्हती. आंद्रेस सेगोविया हा 1893 साली लिनारेस गावी जन्मलेला मुलगा; त्याने 1909 साली ग्रानादा येथे पहिली मैफल केली, 1924 साली पॅरिस आणि 1928 साली न्यूयॉर्क गाठले, आणि गिटार हे एकट्याने दोन तास सभागृह भारून टाकू शकते हे जगाला पटवून दिले. त्याचीच बरोबरी करणारा, पण आपल्याकडे कमी परिचित असलेला वादक म्हणजे रेहिनो साइन्स दे ला मासा. हा 1896 साली बुर्गोस येथे जन्मला. त्याने आपल्या देशातील हयात संगीतकारांना गाठले आणि त्यांच्याकडून गिटारसाठी नव्या रचना लिहवून घेतल्या. मेलेल्यांचे संगीत वाजविण्यात धोका नसतो. त्यांच्यावर काळाने शिक्का मारलेला असतो. जिवंत माणसाची नवी रचना लोकांपुढे ठेवणे म्हणजे त्याच्याबरोबर आपलीही पत पणाला लावणे. हा वादक ते करीत राहिला. त्याच्याच गावच्या अंतोनियो होसे ह्या तरुण संगीतकाराने 1933 साली गिटारसाठी एक मोठी रचना लिहून त्याला अर्पण केली. 1936 साली स्पेनमध्ये यादवी पेटली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी अंतोनियो होसेला गोळी घालून ठार केले. तो तेहतीस वर्षांचा होता. त्याची ती रचना पुढे कित्येक दशके बासनात पडून राहिली. आज जगभरचे गिटारवादक ती वाजवितात.

1935 साली माद्रिदच्या सरकारी संगीत विद्यालयात साइन्स दे ला मासा गिटारचा प्राध्यापक झाला. म्हणजे गुत्त्यातील वाद्याला सरकारी विद्यालयाचे दार उघडले. आणि 9 नोव्हेंबर 1940 रोजी बार्सिलोना येथे त्याने होआकिन रोद्रिगोची अरान्ह्वेसची संगीतिका पूर्ण वाद्यवृंदाबरोबर पहिल्यांदा वाजविली. रोद्रिगो तिसऱ्या वर्षी घटसर्पाने दृष्टी गेलेला संगीतकार. तो उठावाच्या लिपीत रचना लिही. गिटारचा आवाज बारीक आणि वाद्यवृंद शेसव्वाशे तारांचा; गिटार त्यात बुडून जावयाची. रोद्रिगोने काय केले? गिटार बोलू लागली की त्याने वाद्यवृंदाला गप्प बसविले, किंवा एखाद्याच वाद्याला तिच्याशी बोलू दिले. दुर्बळाचा आवाज ऐकू यावा म्हणून बलवानांनी आपला आवाज खाली आणावा, हा साधा न्याय त्याने संगीतात केला. ती रचना आज जगात सर्वत्र वाजते.

ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की गिटारच्या दांडीवर धातूचे पडदे बसविलेले असतात आणि तेही बारा सारख्या पायऱ्यांच्याच हिशेबाने. पेटीचा जो दोष, तो बव्हंशी तिचाही. परंतु युरोपचे संगीत त्या पायऱ्यांवरच उभे असल्यामुळे तिच्यावर तो आरोप कोणी केला नाही. तिच्यावर आरोप होता तो तिच्या संगतीचा. आणि तो आरोप पुसला गेला तीन गोष्टींनी: एक, तिला मन लावून वाजविणारे वादक, दोन, तिच्यासाठी लिहिणारे आपल्या काळाचे संगीतकार, आणि तीन, दार उघडणारी संस्था. ह्या तीन गोष्टींच्या मापाने आता आपली पेटी मोजून पाहू.

वादक आपल्याला मिळाला होता. नव्या संगीतकाराचे काय? ते काम गोविंदरावांनी स्वतःच केले. 1911 साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणावयाचे ठरविले आणि पदांना चाली देण्याचे काम गोविंदरावांकडे आले. तोपर्यंतच्या संगीत नाटकात साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ह्यांचे राज्य होते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून ती वहिवाट चालत आलेली. गोविंदरावांनी ती बाजूला सारली. उत्तरेकडील ठुमरी, दादरा, कजरी, गझल ह्यांचे ढंग त्यांनी ऐकले होते, पेटीवर घोळविले होते; ते त्यांनी मराठी पदांत आणले. 12 मार्च 1911 रोजी मुंबईत पहिला प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी झाले होते. त्या रात्रीनंतर मराठी नाट्यगीत पूर्वीचे राहिले नाही. आता विचार करा: ज्या ठुमरी-दादऱ्याला कोठीचे गाणे म्हणून घरंदाज लोक नाके मुरडीत, तेच गाणे बायकामुलांसह नाटकाला आलेल्या गृहस्थांच्या ओठांवर बसले. आणि ते आणले कोणी? ज्याच्या वाद्यालाच पंडितांनी पंक्तीत घेतले नव्हते, अशा पेटीवाल्याने. ‘मानापमान’ हे नाटकही श्रीमंतीला भुलून गुणी पण निर्धन शूराला नाकारणाऱ्या मुलीचे. खाडिलकरांनी कथेत जे मांडले, तेच गोविंदरावांनी चालींत करून दाखविले.

पुढे 5 जुलै 1913 रोजी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव ह्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. दोन वर्षांतच ते वेगळे झाले आणि 1915 साली त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी उभी केली. बोलपट आला तेव्हा पन्नाशीच्या घरात आलेला हा माणूस मागे राहिला नाही. प्रभातच्या 1932 सालच्या ‘अयोध्येचा राजा’ ह्या बोलपटाचे संगीत त्यांचे आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. दुर्गाबाई खोटे तारामती होत्या. 1939 साली ‘माझा संगीत व्यासंग’ आणि 1948 साली ‘माझा जीवनविहार’ ही पुस्तके त्यांनी लिहिली. अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्र लिहून त्या थोर गवयाचे ऋण फेडले. पेटीवाला, गायक, नट, मालक, संगीतकार, लेखक; एका माणसाने एवढी कामे केली आणि त्या साऱ्यांच्या तळाशी पेटी होती. साथीला बसून तयार झालेला कान होता.

म्हणजे तीनपैकी दोन गोष्टी आपल्याकडे झाल्या. तिसरी राहिली. ती नुसती राहिली असे नाही, तर उलटी झाली.

ज्या 1940 सालच्या नोव्हेंबरात बार्सिलोनाला गिटार वाद्यवृंदाच्या अग्रभागी बसली, त्याच सालच्या 1 मार्च रोजी ऑल इंडिया रेडिओने आपल्या सर्व केंद्रांवर पेटी बंद केली. रेडिओच्या पाश्चात्त्य संगीताचा कारभार पाहणारे जॉन फोल्ड्स ह्यांनी 1938 साली रेडिओच्या नियतकालिकात पेटीविरुद्ध कडक लेख लिहिला होता. ते 1939 साली वारले, पण लेखाने आपले काम केले. लायोनेल फील्डन हे त्या वेळी रेडिओचे प्रमुख. रवींद्रनाथ ठाकूर ह्यांनाही पेटी मुळीच आवडत नसे. त्यांनी 1940 च्या आरंभी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून बंदीची बाजू घेतली. म्हणजे हा केवळ साहेबाचा जुलूम म्हणून सोडून देता येत नाही. पेटी परदेशी म्हणून परदेशी अधिकाऱ्यांनी ती बंद केली आणि राष्ट्रीय विचाराच्या माणसांनी त्याला होकार दिला, असा हा विलक्षण मेळ होता.

बरे, स्वराज्य आल्यावर तरी काय झाले? 1952 ते 1962 ह्या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री होते. पुण्याचे, मराठी, संगीताचे जाणते. शास्त्रीय संगीताला आकाशवाणीवर मानाचे स्थान त्यांनी दिले, हे त्यांचे कार्य मोठेच आहे आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु पेटीची बंदी त्यांनीही उठविली नाही. 9 ऑक्टोबर 1955 रोजी गोविंदराव टेंबे वारले, तेव्हा ज्या वाद्याने त्यांनी महाराष्ट्राचे गाणे बदलले ते वाद्य आपल्या स्वतंत्र देशाच्या आकाशवाणीवर वर्ज्य होते. 1970 साली दिल्लीत ह्या प्रश्नावर चर्चासत्र झाले आणि 1971 साली साथीपुरती पेटी आत आली. एकतीस वर्षे गेली. स्वतंत्र वादनाला दार उघडावयास तर आणखी पुष्कळ काळ जावा लागला.

ह्या एकतीस वर्षांचा हिशेब कोणी मांडलेला नाही. संगीताचा इतिहास लिहिणारे गंधाराच्या चौदा भागांचा हिशेब मांडतात. तो अवश्य मांडावा. परंतु आमच्या चळवळीला दुसराही हिशेब पाहण्याची सवय आहे. आकाशवाणी ही त्या काळी कलावंताला नियमित मानधन देणारी संस्था होती. संस्थाने विलीन झाल्यावर दरबार गेले होते, बोलपटांनी नाटक कंपन्या बसविल्या होत्या. अशा वेळी सारंगीवाल्याला, तबलजीला, तानपुरेवाल्याला जे दार उघडे होते ते पेटीवाल्याला बंद होते. गिरणीत नवे यंत्र येते आणि जुन्या कामगाराला सांगतात, तुझे काम आता लागत नाही. तेथे निदान यंत्राला दोष देता येतो. येथे यंत्रही नव्हते. येथे एका कागदावर लिहिले गेले की तुझे हत्यार अशुद्ध आहे. आणि त्याच सुमारास गावातील प्रत्येक भजनात, प्रत्येक कीर्तनात, शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात तेच हत्यार वाजत होते.

कारण लोकांनी ही बंदी मानली नाही. त्यांना ती ठाऊकही नव्हती. वारकऱ्यांच्या भजनी मंडळात टाळ-पखवाजाच्या शेजारी पेटी आधीच बसली होती. आंबेडकरी जलशांत ती होती. भीमराव कर्डकांच्या जलशाने 1930 नंतरच्या काळात जी जागृती केली, तिला पेटीच्या सुराचा आधार होता. पेटीला तार तुटण्याची भीती नाही, पावसाळ्यात तिचे कातडे ढिले पडत नाही, दर गाण्याआधी ती जुळवावी लागत नाही. एकदा विकत घेतली की बाप वाजवितो आणि मुलगा शिकतो. सारंगीला वीस वर्षांची तालीम लागते; दिवसभर पोती उचलून आलेल्या माणसाजवळ वीस वर्षे कोठली? तो सहा महिन्यांत अभंगाची चाल पेटीवर धरू शकतो. ज्या गुणामुळे पंडितांनी तिला हलकी म्हटले, त्याच गुणामुळे ती कष्टकऱ्यांच्या घरात आली. पेटीने संगीत सोपे केले नाही. तिने संगीताचे दार ठेंगण्या माणसालाही हाताला लागेल एवढे खाली आणले.

आपल्या नांदेडला हजूर साहिबमध्ये रागी मंडळींचे कीर्तन आपण सर्वांनी ऐकले आहे. तेथेही पेटी आहे. 2022 साली अमृतसरला अकाल तख्ताच्या जथेदारांनी असे सुचविले की हरिमंदिरात गुरूंच्या काळची तंतुवाद्ये पुन्हा आणावीत आणि पेटी क्रमाने मागे घ्यावी. कोणी म्हणेल, ही तीच बंदी. मला तसे वाटत नाही. एखाद्या परंपरेने आपली विसरलेली वाद्ये पुन्हा हाती घ्यावी, ही आनंदाची गोष्ट आहे. जो रबाब किंवा ताऊस शिकवील त्याला चार पैसे मिळतील. मात्र जुन्याला आणताना आज वाजविणाऱ्याला उघड्यावर टाकू नये, एवढेच सांगावेसे वाटते. नव्या कामासाठी जुन्या कामगाराला शिकविता येते. संघटनेच्या कामात ही गोष्ट आम्ही मालकांना हजारदा सांगितली आहे.

पेटीचा आक्षेप शेवटी कसा सुटला, हे पाहण्यासारखे आहे. तो ग्रंथात सुटला नाही, बोटांत सुटला. गोव्याच्या बोरी गावचे तुळशीदास बोरकर, मधुकर पेडणेकरांचे शिष्य, पेटीतून नाट्यगीताचा असा भाव काढीत की पायऱ्यांच्या मधली वाट ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप तयार होई. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 साली ते वारले. गोविंदराव पटवर्धनांनी नाटकाच्या साथीत आयुष्य घातले. नागपूरचे मनोहर चिमोटे ह्यांनी पेटीला ‘संवादिनी’ हे नाव देऊन स्वतंत्र वादनाचाच ध्यास घेतला. आणि आप्पा जळगावकर तर आपल्या मराठवाड्याचे, जालन्याकडचे. भीमसेन जोशींसारख्या गवयांच्या मागे बसून त्यांनी साथ म्हणजे काय ह्याचा वस्तुपाठ घालून दिला. 2009 साली ते गेले. ही सगळी माणसे सूर दाबून पुन्हा सोडताना भात्याचा वारा असा तोलीत की ताठ सूरही वाकल्यासारखा भासावा. दोष वाद्यात राहिला. तो झाकण्याची कला माणसाने कमावली. चौदा भागांचे ते अंतर आजही तेवढेच आहे. ते श्रमाने भरून निघाले.

आता एक प्रश्न आपल्या सर्वांसाठी. साइन्स दे ला मासाचे चरित्र स्पेनमध्ये का लिहिले जाते? तो वादक म्हणून मोठा होता हे आहेच. पण तेथे विद्यालयाने त्याला पगार दिला, छापखान्याने रचना छापल्या, कार्यक्रमपत्रिकेत संगीतकार आणि वादक अशी दोघांची नावे आली. कला टिकते ती प्रतिभेवर, हे खरे. परंतु तिचा कणा ह्या साध्या व्यवहारांचा असतो. आमच्याकडे मैफलीच्या भित्तिपत्रकावर गवयाचे नाव वीतभर, तबलजीचे बोटभर आणि पेटीवाल्याच्या जागी ‘व साथीदार’ असे दोन शब्द. गणेशोत्सवात पाहुण्याचा हार आधी ठरतो आणि पेटीवाल्याचे मानधन कार्यक्रम संपल्यावर, उरलेल्या वर्गणीतून. आपल्या भोकर तालुक्यात भजनी मंडळे आहेत. त्यांतील पेटी वाजविणारे शेतकरी आहेत, शिंपी आहेत, मास्तर आहेत, हमाल आहेत. त्यांपैकी कितीजणांचे नाव आपल्या गावच्या एखाद्या पत्रिकेत कधी छापले गेले?

म्हणून इतिहासाच्या ह्या व्याख्यानाअखेर एक मागणी करतो. मागणी केल्यावाचून बसण्याची माझी सवय नाही. ह्या वर्षीपासून आपल्या गावातील प्रत्येक सार्वजनिक कार्यक्रमाच्या पत्रिकेत साथीदारांची नावे गायकाच्या नावाखाली पूर्ण छापावीत. त्यांचे मानधन आधी ठरवावे आणि त्याच रात्री हातात द्यावे. आणि शाळेच्या कपाटात धूळ खात पडलेल्या पेट्या बाहेर काढून, सूर मिळविणाऱ्या कारागिराला बोलावून, त्या मुलांच्या हाती द्याव्यात. त्या कारागिराचीही मजुरी न घासता. माद्रिदच्या विद्यालयाने 1935 साली जे केले त्याला सरकार लागले. हे करावयास फक्त आपण लागतो.